ग्राहकांचं गाऱ्हाणं : आधी 1930 ला फोन, मग बाकीचं

प्रश्न : ताई, माझ्या बाबांना (वय 71) मेसेज आला की मागच्या महिन्याचं लाइट बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, खालच्या नंबरवर ऑफिसरशी बोला. बाबांनी फोन केला, समोरच्याने 'फक्त 10 रुपये भरा' म्हणत एक ॲप टाकायला लावलं आणि खात्यातून 64 हजार गेले. बाबा लाजेपोटी दोन दिवस घरात कुणाला बोलले नाहीत. आता बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिला, आम्ही काय करणार. काही होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी बाबांना ओरडणं बंद करा. तुम्ही ओरडलात असं पत्रात लिहिलेलं नाहीये, पण बहुतेक घरांत तेच होतं आणि मग पुढच्या वेळी माणूस आणखी चार दिवस गप्प बसतो. या धंद्यात चोराचा सगळा भरवसा त्या गप्प बसण्यावरच असतो. पैसे गेल्यावर ते एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवले जातात आणि मग एटीएममधून काढले जातात. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला की तक्रार ज्या बँकेत पैसे पोचलेत तिकडे जाते आणि तिथे जेवढे शिल्लक असतील तेवढे गोठवले जातात. म्हणजे पहिल्या तासातला फोन आणि दोन दिवसांनंतरचा फोन यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तरीपण आज करा, आत्ता करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर पण टाका, कारण कधी कधी थोडे पैसे कुठेतरी अडकलेले सापडतात. गोठवलेली रक्कम हातात यायला पोलिस स्टेशनच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या होऊ शकतात, हे आधीच सांगून ठेवते.

आता बँकेचं. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक आहे. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर एक रुपयाची जबाबदारी येत नाही. पण ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तुमच्या केसमध्ये बँक बोलतेय ते पूर्ण खोटं नाही, खोटी आशा लावून मला काय मिळणार. पण त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, नुसतं काउंटरवरून 'तुम्हीच दिला' म्हणून चालत नाही. म्हणून तोंडी बोलू नका. लेखी द्या, तारीख वेळ टाका, पोच घ्या, आणि प्रत्येक व्यवहार कसा झाला, कुठल्या डिव्हाइसवरून झाला, ॲलर्ट कधी पाठवला हे लेखी मागा. बाबांनी ओटीपी सांगितलाच नसेल आणि त्या ॲपने फोनची स्क्रीन समोरच्याला दिसत होती म्हणून तो गेला असेल तर ते तसंच स्पष्ट लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही, वकील नाही, माहितीसाठी 14448.

आणि ते ॲप अजून फोनमध्ये आहे का बघा! आधी नेट बंद, मग ॲप काढा, मग दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला. कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्याच नंबरवर वळवणं) चालू असेल तर ##002# डायल केलं की बंद होतं.

सगळ्यांसाठी एक गोष्ट, कारण हा लाइट बिलवाला मेसेज अजून फिरतोय. महावितरण कुणाच्या तरी दहा आकडी मोबाइलवरून मेसेज पाठवत नाही. आणि वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि आज रात्री अंधार असं कायद्यात बसतच नाही.

प्रश्न : डीएनडी करूनही दिवसाला पाच सहा कॉल. पर्सनल लोन, प्लॉट, शेअरच्या टिप्स. डीएनडी म्हणजे काय नुसती शोभा आहे का?
– एक वैतागलेली वाचक, ठाणे

उत्तर : अर्धी शोभा आहे, खरं सांगायचं तर. डीएनडी रजिस्टर्ड कंपन्यांना अडवतं, त्यांचे जाहिरातीचे कॉल 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला पाहिजेत. तुम्हाला येतात ते साध्या मोबाइल नंबरवरून, म्हणजे ते नियमाच्या बाहेरचेच लोक. त्यांना ब्लॉक करून फायदा नाही, उद्या दुसरं सिम. तक्रार करा, 1909 वर किंवा ट्रायच्या (टेलिकॉम नियामकाच्या) डीएनडी ॲपवर. फेब्रुवारी 2025 मध्ये नियम बदललेत : कॉल आल्यापासून तक्रार करायला आधी तीन दिवस होते ते आता सात झालेत, आणि अशा अनरजिस्टर्ड लोकांविरुद्ध तक्रार करायला तुमचा नंबर डीएनडीत असायचीही गरज नाही. मोबाइल कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची आहे, आधी महिना जायचा. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांनी एकाच नंबरची तक्रार केली तरी त्याच्यावर कारवाई सुरू होते, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर 'हा नंबर फेक आहे' असं टाकता तेव्हा सोबत 'तक्रार पण करा' लिहा. मेसेजच्या हेडरच्या (पाठवणाऱ्याचं नाव दिसतं त्याच्या) शेवटी पी असेल तर ती जाहिरात, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सर्व्हिसचा, जी म्हणजे सरकारी.

प्रश्न : गोव्यात कळंगुटजवळ स्कूटरवाल्याने थांबवून स्क्रॅच कार्ड दिलं, आम्हाला पहिलं बक्षीस लागलं (!). रिसॉर्टवर नेलं, तीन तास बसवलं, शेवटी दहा वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात मारली, 1 लाख 40 हजार क्रेडिट कार्डवर. आता कुठल्याच सुट्टीत रूम मिळत नाही. रिफंड मागितला तर म्हणतात अग्रीमेंटमध्ये नॉन रिफंडेबल लिहिलंय आणि केस करायची तर दिल्लीलाच.
– एक दांपत्य, सांगली

उत्तर : पहिलं बक्षीस त्या रस्त्यावर बऱ्याच जणांना लागतं, मनाला लावून घेऊ नका. दिल्लीची भीती तर अजिबात बाळगू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 (लागू झाला 20 जुलै 2020 ला) सांगतो की ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सांगलीत. कंपनीने अग्रीमेंटमध्ये काही का छापेना. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील बंधनकारक नाही, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर भरता येतं. मुदत दोन वर्षं.

एक बारीक गोष्ट, जी लोक चुकतात. 'करार अन्यायकारक आहे, रद्द करा' अशी मागणी मुख्य केलीत तर ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या हातात येत नाही, ते राज्य आयोगाकडे जातं. तुम्ही 'सेवेत त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' यावर तक्रार मांडा : खोटं बक्षीस दाखवून बोलावलं, सांगितलेल्या रूम दिल्या नाहीत. आणि त्यासाठी पुरावा पाहिजे, तर आता दोन तीन तारखांच्या रूम ईमेलवर मागा, नकार लेखी येऊ दे. व्हॉट्सॲपवरच्या गोड गोड मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, सेल्समन नोकरी सोडला की ते चॅट पण जातं कधी कधी. आधी 1915 ला (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) फोन करून नोंदवा, तेवढ्यानेही काही कंपन्या हलतात. नाही हलल्या तर आयोग. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. तरी 1 लाख 40 हजार सोडून देण्यासारखे नाहीत.

प्रश्न : तिकीट बुक करताना ॲप आपोआप 'विमा' आणि 'दान' जोडतं, आपणच टिक काढायची. चालतं का हे?
– कॉलेज विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही चालत. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा 13 लबाड्यांची यादीच काढली, डार्क पॅटर्न म्हणतात त्यांना, आणि न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं त्यात आहे. 'फक्त 2 रूम शिल्लक!' ही खोटी घाई पण त्यातच, आणि सबस्क्रिप्शन चालू करायला एक क्लिक, बंद करायला सात पानं, तेही. पैसे भरायच्या आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, 1915 ला द्या. रक्कम 10 रुपये असते म्हणून कुणी तक्रार करत नाही, त्यांना तेच पाहिजे असतं.

प्रश्न : हॉटेलवाला म्हणतो सर्व्हिस चार्ज कंपल्सरी आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. 2022 च्या जुलैमध्ये त्याच प्राधिकरणाने सांगितलं, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, 28 मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाच्याच बाजूने निकाल दिला. बिलात आपोआप लावता येत नाही. शांतपणे काढायला सांगा. जीएसटी वेगळा, तो भरावाच लागतो, दोन्हींची गल्लत करून काउंटरवर भांडू नका. नाहीच काढला तर पैसे भरा, बिलाचा फोटो ठेवा आणि 1915.