जुनं सामान दिलं, करात सूट मिळेल का?

रिटर्नचे दिवस आले की माझ्याकडे हाच प्रश्न येतो: जुनं सामान संस्थेला दिलं, तर ‘८०जी’ची, म्हणजे देणगीबद्दल आयकरात मिळणारी, सूट किती? गेली कित्येक वर्षं उत्तर तेच देतो आहे, तरी प्रश्न थांबत नाही. यंदाच्या पत्रांतली काही इथे घेतो.

प्रश्न : घर बदलताना कपाट, फ्रीज आणि दोन पोती कपडे एका नोंदणीकृत ट्रस्टला दिले. त्यांनी चाळीस हजारांची पावती दिली आहे. किती वजावट मिळेल? (विश्रामबाग)

काहीच नाही. देणगी पैशाच्या रूपात असेल तरच वजावट, हे कलम ८०जीच्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे. शेअर्स दान करणाऱ्या करदात्यालाही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, मग कपाटाचं काय घेऊन बसलात! ट्रस्टची पावती वस्तू मिळाल्याची पोच म्हणून ठीक आहे. तिच्यावरच्या आकड्याला रिटर्नमध्ये जागा नाही.

सूट हवीच असेल तर सरळ वाट आहे. सामान विका आणि आलेले पैसे चेकने किंवा यूपीआयने द्या. घरच्या वापरातलं फर्निचर, कपडे, स्कूटर विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिन्यांचं तसं नाही. सोनं विकून दान करायचं असेल तर आधी सल्ला घ्या. समजा स्कूटरचे वीस हजार आले आणि ते ५० टक्के वजावटीच्या संस्थेला दिले. दहा हजार वजा होतील, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह २,०८० रुपये वाचतील. या वजावटीला समायोजित उत्पन्नाच्या (इतर वजावटी वगैरे वजा करून उरलेल्या उत्पन्नाच्या) १० टक्क्यांची मर्यादाही आहे. आणि हे सगळं जुनी करपद्धत निवडली असेल तरच. २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जी नाही. मुदत टळल्यावर रिटर्न भरलं तर जुनी पद्धत निवडता येत नाही, हे दरवर्षी ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी आत्ताच लक्षात घ्यावं.

प्रश्न : पुतण्या अमेरिकेत जुने कपडे देऊन करात सूट घेतो. व्हिडिओत सांगतात की भारतातही तसंच आहे. (मिरज)

तसं नाही. पुतण्या सांगतो ते त्याच्या देशापुरतं खरं आहे. तिथे वस्तूच्या बाजारभावावर वजावट मिळते, पण कपडे, घरसामान चांगल्या अवस्थेत असावं लागतं, वजावटी तपशीलवार मांडाव्या लागतात. वस्तूंची वजावट ५०० डॉलरच्या वर गेली की वेगळा फॉर्म, ५,००० डॉलरच्या वर बहुतेक वस्तूंना तज्ज्ञाचं मूल्यांकन. तिथला व्हिडिओ पाहून इथलं रिटर्न भरू नका.

प्रश्न : ट्रस्टला पाच हजार रोख दिले. निदान दोन हजारांची सूट मिळेल ना? (पलूस)

नाही. दोन हजारांवरची रोख देणगी पूर्ण बाद होते.

प्रश्न : माझं कापडाचं दुकान आहे. न खपलेला माल अनाथाश्रमाला दिला, तर खर्च म्हणून दाखवता येईल का? (गणपती पेठ)

८०जी नाहीच. त्यातून फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळालेली सूट) परत करावं लागतं. तो माल हिशोबात कसा दाखवायचा हे तुमची वही आणि स्टॉक पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. माल गाडीत भरण्याआधी सीएला भेटा.

प्रश्न : शाळेतल्या सहकाऱ्यांचं रिटर्न एकजण भरतो. तो देणगी दाखवून रिफंड काढून देतो आणि रिफंडाच्या दहा टक्के घेतो. मी जुनी पुस्तकं, सायकल खरंच दिली आहे, मग दाखवायला काय हरकत? (तासगाव)

गुरुजी, हरकत मोठी आहे आणि हे मी कळकळीने लिहितो. तुम्ही सायकल दिलीत हे खरं, पण रिटर्नमध्ये तो लिहिणार आहे पैशाची देणगी. ते खोटं आहे, आणि त्याखाली नाव तुमचं असणार. रिफंडातला टक्का मागणाऱ्याचा फायदा आकडा फुगवण्यातच असतो. नोटीस येते तेव्हा त्याचा फोन बंद असतो आणि शिक्षक माझ्यासमोर बसलेले असतात.

पूर्वी कागदी पावतीवर निभावून जायचं. आता संस्थेला प्रत्येक देणगीदाराची माहिती ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीमध्ये द्यावी लागते आणि तुम्हाला फॉर्म १०बीई मिळतो. तिथे तुमचा पॅन नसेल तर दावा उघडा पडायला वेळ लागत नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली, ती अशाच खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांची. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते.

चुकीच्या माहितीने कर बुडवला तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट. तीस हजार बुडवले तर साठ हजार दंड, वर मूळ कर आणि व्याज. मागच्या वर्षांत असं काही झालं असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. सुधारित किंवा (सुधारायची मुदत टळली असेल तर जादा कर भरून) अद्ययावत रिटर्नची सोय आहे, आणि अद्ययावत रिटर्नवरचा जादा कर उशिरागणिक वाढतो: पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. सगळी जुनी रिटर्न घेऊन याच आठवड्यात एखाद्या सीएला दाखवा. त्या माणसाकडून पोर्टलचा पासवर्ड काढून घ्या आणि बदला. नोंदवलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे का, तेही पाहा.

प्रश्न : पूरग्रस्तांना दिलेल्या भांडी-कपड्यांना तरी सवलत असेल? (सांगलीवाडी)

नाही, पुरासाठी वेगळा नियम नाही. मुख्यमंत्री सहायता निधीला पैसे दिले तर जुन्या पद्धतीत १०० टक्के वजावट आहे. पण सवलत नाही म्हणून देणं थांबवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर बाहेरगावाहून आलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी मी रस्त्याकडेला भिजत पडलेली पाहिली, आणि त्याच गल्लीत बायका कोरडी चादर आणि झाकणाचं पातेलं मागत होत्या. द्यायच्या आधी तिथल्या कार्यकर्त्याला फोन करून काय हवं ते विचारा.