लॅबचा हिरा विकायला बसण्याआधी

म्हापशाच्या दुकानात आता काउंटरवर बसणार आहेस, तर एक गोष्ट पक्की करून घे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईचं गिऱ्हाईक सुरू होतं, आणि हमखास विचारतं, "शेट, लॅबचा म्हणजे काचच ना?" काच नव्हे रे. तोही कार्बनच, खराखुरा हिरा.

तो बनवायची एक पद्धत नीट समज. प्रचंड दाब देणाऱ्या यंत्रातल्या, म्हणजे प्रेसमधल्या, छोट्या कुपीत वर ग्रॅफाइट, मधे लोखंड-निकेल-कोबाल्टसारखा धातू आणि तळाशी हिऱ्याचा बारीक कण, म्हणजे बी. दाब हवेच्या दाबाच्या 50 ते 60 हजार पट, उष्णता साधारण 1300 ते 1600 अंश सेल्सिअस. धातू वितळतो, ग्रॅफाइट त्यात विरघळतं. वरची बाजू थोडी जास्त तापलेली ठेवतात, म्हणून कार्बन खाली सरकून बीवर थर धरतो. सगळी करामत हा फरक सांभाळण्यात. घाई केली की धातू आतच अडकतो. नायट्रोजन शिरला तर खडा पिवळा, बोरॉन घातलं तर निळा.

भिंगातून काळपट, चकाकणारे ठिपके दिसले तर ते धातूचे असू शकतात. असे काही खडे चुंबकाकडेही ओढले जातात. ते साधं उष्णतेवर चालणारं टेस्टर मात्र खाणीतला आणि लॅबचा, दोन्हींना हिराच म्हणतं, त्याच्या भरवशावर राहू नकोस. प्रमाणपत्र बघ, खड्याच्या कडेवर कोरलेला नंबर त्याच्याशी जुळव. आणि बिलावर 'लॅबमध्ये बनवलेला' असं ठळक लिही, गिऱ्हाईक ओळखीतलं असलं तरी.