सडबरीच्या थंडीसाठी जुनी गाडी: आधी पत्रा बघ, मग इंजिन

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शेवटी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात सडबरीला पोचणार, गाडीसाठी हातात 7 हजार कॅनेडियन डॉलर, सोलापुरात पाच वर्षं स्विफ्ट चालवलेली, आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशी गाडी, घेतल्याशिवाय तिथं भागत नाही असं मित्रांनी डोक्यात भरवलेलं.

भागतं. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी बर्फातून हलते लवकर, पण थांबायच्या वेळी तिला वेगळं काही मिळत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात आणि पकड टायरची असते. वर तुझ्या पैशात मिळणारी अशी गाडी म्हणजे जास्त किलोमीटर, एक डिफरन्शियल जास्त, पेट्रोल जास्त, आणि एक टायर फाटला तर नक्षी जुळवायला कधी कधी चारही बदलायचे. पुढची चाकं ओढणारी साधी सेडान किंवा हॅचबॅक घे, चारही हिवाळी टायर घाल. मागची चाकं ढकलणारी गाडी फुकट मिळाली तरी नको.

आता हिशोब. गाडीला 5 हजारच धर. त्यावर 13 टक्के कर, म्हणजे 650. परमिट आणि नंबरप्लेट 59. घेण्याआधी मेकॅनिककडून तपासणी साधारण 150. लोखंडी रिमसकट चार हिवाळी टायर 900 च्या आसपास. झाले 6759. उरतात त्यात गंजरोधक तेलाचा फवारा. इन्शुरन्स यात नाही, आणि नवख्याला तो जड जातो. म्हणून गाडी पसंत पडली की तिचा व्हिन (म्हणजे चेसिस) नंबर देऊन आधी कोटेशन घे, मग पैशाची बोलणी कर. आणि बिलावर कमी रक्कम लिहून कर वाचवू, हा आपल्याकडचा विचार तिथं चालत नाही. खाजगी व्यवहारात किंमत आणि गाडीचा ठरलेला घाऊक भाव यातला जो आकडा मोठा, त्यावर कर लागतो.

सोलापुरात जुनी गाडी बघताना आपण विचारतो किती पळाली, एव्हरेज किती, एसी कसा आहे. पत्र्याकडे कोण बघतो? आपल्या कोरड्या हवेत पंधरा वर्षांची गाडीही खालून ठीक असते. ओंटारियोत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडी खालून खातं. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेल्या सबफ्रेमला, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या चौकटीला, खर्च करणं म्हणजे पैसे नाल्यात.

म्हणून गाडी बघायला जाताना टॉर्च, छोटं चुंबक, स्क्रू-ड्रायव्हर आणि आडवं पडायला जुनी चादर घेऊन जा. दरवाजांच्या खालची लांब पट्टी, म्हणजे रॉकर पॅनेल, आणि मागच्या चाकांवरची कमान यांवरून कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरव. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. मग खाली सरक. जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे सांधे आणि सबफ्रेम स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोक. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर चादर झटकून उठायचं. वरवरचा तांबूस गंज सगळ्याच गाड्यांना असतो, त्याला घाबरू नकोस. भीती असावी ती ताज्या, चकचकीत काळ्या अंडरकोटिंगची, म्हणजे खालून मारलेल्या लेपाची. विकायच्या आठवड्यात कुणी खालून काळा रंग मारला असेल तर तो गाडीच्या प्रेमापोटी नक्कीच मारलेला नाही.

ब्रेकच्या लोखंडी नळ्या हा त्यातला सगळ्यात धोक्याचा भाग, आणि त्या प्लॅस्टिकच्या झाकणाआड असतात. इंजिन चालू ठेवून ब्रेक पेडल जोरानं दाबून अर्धा मिनिट धर. पेडल हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडर गेला आहे. हँडब्रेक ओढून सोड आणि गाडी हातानं ढकलून बघ. मागचं चाक अडकत असेल तर केबल किंवा कॅलिपर गंजून जाम झालंय.

इंजिन थंड असतानाच बघायचं. मालकाला आधीच सांग, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेव. कोमट लागलं तर सकाळी सेल्फ घेताना काय होतं ते तुला कळू द्यायचं नाहीये. मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोज: उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 यायला हवेत. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी बदलायचे पैसे भावातून काप. आपल्याकडे बॅटरी उन्हानं मरते, तिथं थंडी तिचं मरण फक्त जाहीर करते. उणे 18 ला चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्याच्या खाली येते आणि घट्ट झालेल्या तेलात इंजिन फिरवायला मात्र जास्त ताकद लागते. उतरलेली बॅटरी तर गोठून फुटते. नवी घेताना लेबलवर सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ मारायच्या ताकदीचा, आकडा असतो. तो उणे 18 लाच मोजलेला असतो. गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नकोस.

मग इंजिन तापू दे आणि हीटर बघ. दहा-पंधरा मिनिटांनी हवा चटका बसेल अशी गरम आली पाहिजे, पंख्याच्या सगळ्या पायऱ्या चालल्या पाहिजेत, मागच्या काचेच्या तारा तापल्या पाहिजेत. हवा कोमटच राहिली तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, कूलंट कमी आहे किंवा हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) तुंबलाय. पहिली दोन कामं स्वस्त, तिसऱ्यात बहुतेक वेळा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. आत गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धूर बसत असेल तर कोअर गळतोय, ती गाडी सोड. कूलंटमध्ये नुसतं पाणी ओतायची सवय इथंच सोडून जा. निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 पर्यंत टिकतं. पाणी गोठलं की इंजिनचा ब्लॉक तडकतो. तीच गत काच धुण्याच्या टाकीची. तिथं उणे 40 चं द्रव मिळतं, तेच घाल. इंजिन ऑइल 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30, जे पुस्तकात असेल ते. आपल्याकडचं जाड 20डब्ल्यू-50 तिथं सकाळी मधासारखं होतं.

पुढच्या जाळीतून एखादा प्लग लोंबताना दिसला तर चांगली खूण आहे. तो ब्लॉक हीटर, रात्री इंजिन कोमट ठेवणारा. पण प्लग दिसला म्हणजे हीटर जिवंत असेलच असं नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन्ही चपट्या पिनांना लाव: 120 व्होल्टवर चालणारा 400 वॉटचा हीटर 36 ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तार किंवा हीटर जळालाय. रात्रभर लावायची गरज नसते, टायमरवर निघायच्या तीन-चार तास आधी पुरे.

टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह हवं. नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही. साधं रबर 7 अंशांखाली कडक व्हायला लागतं आणि सडबरीत जानेवारीत उणे 25 काही नवल नाही. उणे 12 च्या खाली मीठही फारसं काम करत नाही, मग रस्त्यावर वाळू पसरतात आणि खालचा बर्फ तसाच राहतो. जाहिरातीत 'हिवाळी टायरसह' असेल तर बाजूवरचा डॉट क्रमांक वाच: शेवटचे 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी 4 मिमीच्या खाली असेल तर ते टायर भेट समज, किंमत धरू नकोस. चारही एकाच जातीचे हवेत. फक्त पुढं घातले तर वळणावर मागची बाजू पुढं यायला बघते. गाडीला 17 इंची रिम असेल आणि 15 किंवा 16 ब्रेकवर बसत असेल तर लहान घे, टायर स्वस्त पडतो. बसवल्यावर 50-100 किलोमीटरनी नट पुन्हा आवळून घे. थंडीत दर 5-6 अंशांमागे साधारण 1 पीएसआय हवा कमी होते, महिन्याला तपास.

आता कोणती गाडी. 2009 ते 2013 ची 1.8 इंजिनची कोरोला किंवा मॅट्रिक्स. मॅट्रिक्सच पॉन्टियाक व्हाइब नावानं 2010 पर्यंत विकली जात होती. पॉन्टियाक बंद पडल्यामुळे भाव कमी मागतात आणि आतले भाग टोयोटाचेच. मात्र 2.4 चं इंजिन टाळ, त्यातली बरीच तेल पितात. सिव्हिक 2006 ते 2008 ची असेल तर जपून, त्यातल्या काही ब्लॉकना तडा जाऊन कूलंट गळतं. पहिल्या पिढीची माझदा 3 चालते छान, गंजते त्याहून छान. 2012 ते 2016 च्या फोर्ड फोकस आणि फिएस्टाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि त्या काळातल्या निसानचा सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) या दोन्हींपासून लांब राहा. किलोमीटर दोन लाखांच्या पुढं असले तरी चालतील, पत्रा धड असेल तर.

कागद: विकणाऱ्या खाजगी माणसानं 20 डॉलरचं युव्हीआयपी नावाचं जुन्या गाडीच्या माहितीचं सरकारी पाकीट देणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात आधीचे मालक आणि गाडीवरचं कर्ज दिसतं, पण ते फक्त ओंटारियोतलं. म्हणून कारफॅक्स या कंपनीचा गाडीच्या इतिहासाचा अहवालही काढ. पाकिटावरचं नाव आणि समोरच्याचं ओळखपत्र जुळलं नाही तर तो मालक नाही, लपून धंदा करणारा आहे. सेफ्टी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचा दाखला, 36 दिवस चालतं आणि त्यात इंजिन किंवा गिअरबॉक्सची हमी नसते. 'ॲज-इज' (आहे तशी) म्हटलेली गाडी सर्टिफिकेटशिवायच असते, तिच्या नादी लागू नकोस. तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात कधीच नाही.

निघण्याआधी सोलापुरात एक काम उरक. एमएच-13 च्या आरटीओतून लायसनचा इंग्रजी उतारा घे, लायसन पहिल्यांदा मिळाल्याच्या तारखेसकट. स्थायिक झाल्यावर परदेशी लायसनवर 60 दिवसच चालवता येतं, आणि भारताशी थेट अदलाबदल नाही. लेखी परीक्षा द्यावीच लागते. अनुभव सिद्ध करायला हाच कागद लागतो, नाहीतर प्रत्यक्ष चाचणीसाठी वाट बघावी लागते. आपल्याकडच्या इन्शुरन्स कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्रही घेऊन ठेव. सगळ्या कंपन्या ते धरत नाहीत, पण कोटेशनच्या वेळी विचारायला काही लागत नाही.