लावणीनंतरचा ताप आणि ‘आर’ लिहिलेला रिपोर्ट

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, मधुमेह जुना. लावणी आटोपली आणि ताप, खोकला सुरू झाला. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) ‘बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय’ हा जंतू निघाला. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) आहे. मेरोपेनेमची इंजेक्शनं सुरू होऊन पाच दिवस झाले तरी ताप येतोच. वर डॉक्टर म्हणतात, नंतर तीन महिने गोळ्या. औषध लागू पडत नाहीये का? (वाचक, कुडाळ तालुका)

उत्तर : धीर सोडू नका. हा मेलिऑयडोसिस, म्हणजे या जंतूमुळे होणारा आजार. यात योग्य औषध चालू असतानाही ताप जायला साधारण नऊ दिवस लागतात. यकृतात, प्लीहेत किंवा प्रोस्टेटमध्ये गळू असेल तर आणखी जास्त. तेव्हा नुसत्या तापावरून इंजेक्शन बदलायची घाई नको. पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी झाली का आणि ब्लड कल्चर पुन्हा पाठवलं का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

‘आर’ पाहून घाबरू नका. हा जंतू माती-चिखलात राहतो आणि जेंटामायसिन, कोलिस्टिनला मुळातच दाद देत नाही. वडिलांनी आधी घेतलेल्या औषधांचा त्यात दोष नाही. उलट ही त्याची ओळखच आहे : ही दोन्ही ‘आर’ आणि को-अमॉक्सिक्लॅव हे अँटिबायोटिक ‘एस’ (म्हणजे लागू पडणारं) दिसलं की लॅबने या जंतूची शंका घ्यायला हवी. पुष्कळदा रिपोर्टवर नुसतं ‘स्यूडोमोनास’ (दुसऱ्याच जंतूचं नाव) येतं, किंवा एक्स-रे पाहून टीबीची औषधं सुरू होतात आणि मोलाचे दिवस जातात. पावसाळ्यात मधुमेही माणसाला असा ताप आला तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी कल्चर घ्यायलाच हवं.

किडनी ठीक असेल तर मेरोपेनेम १ ग्रॅम दर ८ तासांनी, कमीत कमी १४ दिवस. खोल गळू असेल तर ४ आठवडे. हे दिवस शेवटच्या पॉझिटिव्ह कल्चरपासून मोजतात. बरं वाटतंय म्हणून दहाव्या दिवशी डिस्चार्ज मागू नका.

आता गोळ्या. इंजेक्शनांनी ताप जातो, पण काही जंतू पेशींच्या आत दडून राहतात. कोट्रायमॉक्साझोल त्यांच्यासाठी आहे. वजन ६० किलोच्या वर असेल तर १६०/८०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. ४० ते ६० किलो असेल तर दीड-दीड. किडनी कमजोर असेल तर डोस डॉक्टर कमी करतात. एरवीच्या डोसपेक्षा हा जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे कुणी ‘एकच पुरे’ म्हटलं तरी चिठ्ठीप्रमाणेच घ्या. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), पोटॅशियम आणि रक्तपेशी तपासून घ्या. या गोळीने पोटॅशियम वाढतं. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर जास्तच. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण आपल्याकडे शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून ते तूर्त घरातल्या इतरांनी प्यावं. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी मात्र तीन महिन्यांआधी सोडू नका. आजार उलटतो तो बहुतेक अशाने.

घरात सेवा करणाऱ्यांना हा सहसा लागत नाही. पुढच्या लावणीला गमबूट, हातमोजे घाला, आणि चिखल्या किंवा भेगा असतील तर त्या भरेपर्यंत वडिलांनी शेतात उतरू नये.

प्रश्न : आईच्या लघवीच्या कल्चरमध्ये ‘ई. कोलाय, ईएसबीएल’ (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) आलं. तिला त्रास काहीच नाही. मेरोपेनेम द्यावं का? (वाचक, गुहागर)

उत्तर : नको. जळजळ नाही, ताप नाही, तर लघवीतल्या जंतूंना औषध लागत नाही, मग ते कितीही चिवट असोत. औषधाने ते काही दिवस जातात आणि जास्त चिवट होऊन परततात. अपवाद गरोदरपणाचा आणि मूत्रमार्गावरच्या ऑपरेशनआधीचा. थंडी वाजून ताप किंवा कुशीत दुखू लागलं तर मात्र तासाभराचाही उशीर न करता दाखवा आणि हा रिपोर्ट सोबत न्या.