तासिका तत्त्वावर असताना शिमल्याच्या निवासी फेलोशिपसाठी अर्ज करावा का? घरी राहून ती करता येते का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो ऐकला की माझं डोकं फिरतं. घरी राहून ती करता येत नाही, आणि करताही येऊ नये. शिमल्याचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी असो, बर्लिनचं विसेनशाफ्ट्सकोलेग असो की स्टॅनफर्डचं सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी इन द बिहेविअरल सायन्सेस, तिथे राहणं हाच कामाचा भाग आहे. बर्लिनमध्ये फेलो दुपारी एकत्र जेवतात, तेही याच कारणासाठी. तुमच्या पुस्तकाचं प्रकरण समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ आणि भाषावैज्ञानिक ऐकतात. ‘वतन म्हणजे नेमकं काय?’ असा आपल्या विभागात कुणी न विचारलेला प्रश्न तिथे पहिल्याच सेमिनारला येतो. त्याचं उत्तर लिहिता लिहिता प्रकरण सुधारतं.

आमच्या स्टाफरूममध्ये हे पटवताना मी थकलो. ‘सरकारी खर्चाने थंड हवेच्या ठिकाणी दोन वर्षं आराम’ असं म्हणणारे प्राचार्य मी पाहिले आहेत. एका कायम सहकाऱ्याची निवड झाली, तेव्हा त्याच्या फाइलवर ‘अध्ययन रजा’ असा शेरा पडला. पगार संस्था देणार की कॉलेज, हे कुणी लिहूनच घेतलं नव्हतं. मग उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने बाँडबद्दल, म्हणजे रजेनंतर परत येऊन नोकरी करण्याच्या लेखी हमीबद्दल, विचारणा केली आणि रुजू होण्याची तारीख निघून गेली. म्हणून कायम नोकरीत असाल तर निवडपत्र येताच तीन गोष्टी लेखी मागा: धारणाधिकार (मूळ पदावर परतण्याचा हक्क) राहील असं पत्र, रजा की प्रतिनियुक्ती याचा स्पष्ट उल्लेख आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र. वेतनवाढीची तारीख मध्ये येत असेल, तर तिची नोंद सेवापुस्तकात आधीच करून घ्या. तोंडी ‘जा तुम्ही, बघू’ यावर ट्रेनमध्ये बसू नका.

सीएचबीवाल्याला, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला, यातलं काहीच लागू नाही, कारण त्याला धारणाधिकारच नसतो. दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या तासिकांसाठी दोन वर्षांचं लेखन सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण प्रस्तावात येते. माझ्याकडे वाचायला येणारे बहुतेक अर्ज क्षेत्रकार्याचे असतात: पाच जिल्हे फिरणार, दोनशे मुलाखती घेणार. असा प्रस्ताव निवासी फेलोशिपला मारक ठरतो. तिथे जायचं ते लिहायला. शिमल्याची संस्था व्हाइसरॉयच्या 1888 सालच्या वास्तूत आहे, आणि तिथल्या जुन्या बॉलरूमचं आता ग्रंथालय झालं आहे. पण तुमचे मोडी कागद तिथे नसणार. ते आधी हाती हवेत. ‘मराठी कागदपत्रांचा अभ्यास करीन’ या वाक्याला किंमत नाही. पुणे पुरालेखागारातलं कुठलं दफ्तर, कुठल्या सालांचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), त्यातले किती पाहून झाले आणि लिप्यंतर किती हाती आहे, हे लिहा. निवड करणाऱ्यांना मराठी येईलच असं नाही. एका कागदाच्या दहा ओळींचं इंग्रजी भाषांतर द्या, आणि त्या ओळींमुळे आजवरची समजूत कुठे बदलते ते दोन वाक्यांत सांगा. हे उत्तम जमलं तर उरलेला अर्ज साधा असला तरी चालतो.

वेळापत्रक पाहताना परीक्षक बोटावर हिशेब करतात. सहा प्रकरणं, प्रत्येकी चार महिने, म्हणजे चोवीस महिने तिथेच संपले. पुनर्लेखनाला काय उरलं? चार प्रकरणं धरा, सोळा महिने पहिल्या मसुद्याला आणि आठ महिने दुरुस्तीला. शेवटी संस्थेला पुस्तकाचं हस्तलिखित द्यायचं असतं, अहवाल देऊन भागत नाही. पीएचडीचा प्रबंध नवं मुखपृष्ठ घालून पाठवू नका, तो ओळखू येतो. पदवीसाठीचं काम तर चालतच नाही.

शिफारसपत्र विभागप्रमुखांकडून घ्यायची आपल्याकडे सवय आहे. पद मोठं असलं तरी ज्यांनी तुमचं एकही प्रकरण वाचलेलं नाही, त्यांचं पत्र दोन ओळींचं येतं. तुमच्या पीएचडीचा बहिःस्थ परीक्षक त्याहून चांगला. त्याला प्रस्तावाची प्रत आणि मुदतीची तारीख महिनाभर आधी पाठवा.

पैशांचं म्हणाल, तर चालू जाहिरातीत असेल तीच रक्कम खरी. नोकरी नसलेल्यांना ठरावीक मानधन मिळतं, कायम प्राध्यापकांचा सहसा पगार टिकतो. दोन वर्षं जमणारच नसतील, तर त्याच संस्थेतल्या इंटर युनिव्हर्सिटी सेंटरची सहयोगी योजना आहे: तीन वर्षं, दरवर्षी एक महिना. ती कॉलेज आणि विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी आहे, त्यामुळे तासिकेवरचे त्यात बसतात का, ते जाहिरातीतून तपासा.

आणि हो, हा काळ पुढच्या मुलाखतीत अध्यापन-अनुभव म्हणून धरला जाईल असं समजू नका. शेवटच्या तासिकेपर्यंतचं अनुभव प्रमाणपत्र जाण्याआधीच, सही-शिक्क्यासह हातात घ्या. दोन वर्षांनी प्राचार्य बदललेले असतात आणि जुने मस्टर कुणी शोधून देत नाही.