उतारावर एटीव्ही मोकळी सुटते आणि मागची चाकं घसरतात: दोष क्लचचा की पुढच्या डिफरन्शियलचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर खारघरला, शेत मुरबाडकडे, शेतावर सेकंडहँड फोर-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक एटीव्ही (ऑल-टेरेन व्हेइकल, कच्च्या वाटेवरची हँडलची चारचाकी). उतारावर थ्रॉटल सोडला की गाडी न्यूट्रल टाकल्यासारखी पळते, आणि फोर-व्हील चालू असूनही मागची बाजू आडवी जाते. मेकॅनिक म्हणतो, फ्रंट डिफ (पुढचा डिफरन्शियल, पुढच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणारा गियरसंच) उघडावा लागेल.

एवढ्यात उघडू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची मुळंही वेगळी आहेत. थ्रॉटल सोडल्यावर चाकं इंजिनला फिरवतात का, हा क्लच आणि बेल्टचा प्रश्न. इंजिनाचा तो अडथळा, म्हणजे इंजिन ब्रेकिंग, पुढच्या चाकांपर्यंत पोचतो का, हा पुढच्या ड्राइव्हचा प्रश्न. मोकळी सुटणारी गाडी डिफ बदलून थांबणार नाही.

आधी क्लच. सीव्हीटीमध्ये (दोन पुली आणि बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गियर) इंजिनाकडची, म्हणजे पुढची पुली फिरण्याच्या वेगाने मिटते आणि बेल्टला चिमटीत धरते. आरपीएम उतरला की पुली उघडते, बेल्ट सैल होतो आणि इंजिन-चाकांचं नातं तुटतं. उतारावर नेमकं हेच घडतं. यावर कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे एकाच दिशेला पकडणारं बेअरिंग. सायकलच्या फ्रीव्हीलसारखंच ते: बेल्ट इंजिनापेक्षा जोरात फिरू लागला की घट्ट पकडतं, एरवी मोकळं फिरतं. पोलारिसमध्ये ते पुढच्या पुलीत बेल्टच्या खाली बसवलेलं असतं आणि त्या प्रणालीला ईबीएस (इंजिन ब्रेकिंग सिस्टिम) म्हणतात. यामाहाच्या अल्ट्रामॅटिकमध्ये बेल्ट कायम ताणलेलाच असतो, तेलात बुडालेला सेंट्रिफ्युगल क्लच आणि वन-वे बेअरिंग त्याच्या अलीकडे असतं. स्कूटरसारखा कोरडा क्लच मागच्या पुलीवर असलेल्या लहान चायनीज एटीव्हींमध्ये मात्र ही सोय सहसा नसते. त्या कमी वेगात सुटणारच, तो बिघाड नव्हे.

तपासणी सोपी आहे. सपाट जागी इंजिन बंद करा, गियर लोमध्ये टाका आणि गाडी पुढे ढकला. वन-वे बेअरिंग शाबूत असेल तर इंजिन आडवं येतं, गाडी जेमतेम हलते. सहज पळाली तर बेअरिंग गेलंय, बेल्ट झिजलाय, किंवा तुमच्या मॉडेलला ही सोयच नाही. मागे ढकलून पाहू नका, त्या दिशेला ती मोकळी जाणं बरोबरच आहे.

बेअरिंगला दोष देण्याआधी सीव्हीटीचं झाकण काढून बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडून पाहा. बाजू झिजून अरुंद झालेला बेल्ट मागच्या पुलीत खोल बसतो, पुढे सैल पडतो, आणि चांगलं बेअरिंगही त्याला पकडू शकत नाही. काही पोलारिसमध्ये मागच्या पुलीची फट कमी करून हा सैलपणा काढता येतो. काढताना जपून: जास्त ताणला तर आयडलवरच गाडी सरकू लागते आणि गियर टाकताना खणखण आवाज येतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आणखी एक कारण असतं, पाणी. ओढ्यातून गेल्यावर सीव्हीटीच्या डब्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो, आणि पलीकडच्या उतारावर इंजिन ब्रेकिंग गायब. डब्याच्या तळाशी ड्रेन प्लग असतो. तो काढून पाणी जाऊ द्या, मग न्यूट्रलमध्ये आरपीएम वर-खाली करत बेल्ट सुकू द्या. ही तक्रार फक्त पावसाळ्यात येत असेल तर डब्याची आणि हवेच्या नळीची सीलं आधी पाहा.

आता मागची बाजू आडवी का जाते ते. इथे हिशेब मांडतो, कारण तो पाहिल्याशिवाय पुढच्या ड्राइव्हचं महत्त्व पटत नाही. समजा गाडी ३५० किलो, तुम्ही ७५, एकूण ४२५. व्हीलबेस १.३ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर, सपाटीवर भार निम्मा-निम्मा. २० अंशांच्या उतारावर पुढच्या एक्सलवर साधारण २६७ किलो येतात आणि मागच्यावर १३३ उरतात. गाडीला खाली ओढणारं बळ १४५ किलोचं. ओल्या मुरमावर घर्षणांक ०.४ धरला तर मागची दोन चाकं फार तर ५३ किलो तोलतील. चारही मिळून १६०. म्हणजे चार चाकांनी अडवलं तर गाडी काबूत राहते, नुसत्या मागच्या चाकांनी कधीच नाही. शिवाय घसरणाऱ्या टायरला आडवी पकड राहत नाही, म्हणून मागची बाजू फिरते. इंजिन ब्रेकिंग फक्त मागे पोचत असेल तर ते जितकं जोरदार, तितकं धोक्याचं.

फोर-व्हीलचं बटण दाबलं म्हणजे पुढची चाकं अडवतीलच, असं मात्र नाही. यामाहा आणि कॅन-ॲममध्ये फोर-व्हील लावलं की पुढचा शाफ्ट थेट जोडला जातो, म्हणून अडथळा पुढे पोचतो. पुढचा डिफ ‘ओपन’, म्हणजे लॉक नसलेला, असेल तर तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे शेवाळलेल्या दगडावरच्या किंवा हवेत उचललेल्या चाकाला जेवढं पेलेल तेवढंच दुसऱ्याला मिळतं. यामाहा ग्रिझलीला त्यासाठी वेगळं डिफ-लॉकचं बटण आहे. कॅन-ॲमचं व्हिस्को-लॉक आपोआप चालतं: दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतल्या सिलिकॉन द्रवाचा दाब क्लचच्या प्लेटा आवळतो, अर्थात चाक थोडं घसरल्यावरच.

पोलारिसचं तंत्र निराळं आहे, आणि तुमची गाडी पोलारिस असेल तर उत्तर बहुधा इथेच मिळेल. तिच्या पुढच्या गियरकेसमध्ये नेहमीचा डिफरन्शियल नसतो. त्यातला रिंग गियर (शाफ्टने फिरणारा मोठा गियर) मुद्दाम पुढच्या चाकांपेक्षा किंचित हळू फिरतो. एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह) लावल्यावर विद्युतचुंबकीय कॉइल रोलरांच्या पिंजऱ्याला किंचित फिरवते, आणि मागची चाकं घसरून रिंग गियर पुढच्या चाकांना गाठू लागला की रोलर पाचरीसारखे अडकतात. चढावर हे झकास चालतं. उतारावर मात्र पुढची चाकं रिंग गियरच्या पुढेच पळतात, रोलर मोकळे राहतात, आणि सगळं इंजिन ब्रेकिंग मागच्या १३३ किलोंवर येतं. यात बिघाड काहीच नाही. एडीसी (ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल, उतारावर पुढची चाकंही अडवणारी सोय) असलेल्या मॉडेलमध्ये उलट्या दिशेने पकडायला दुसरी कॉइल असते. ती चालायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: स्विच एडीसीवर, गियर हाय, लो किंवा रिव्हर्समध्ये, थ्रॉटल पूर्ण सोडलेला, वेग ताशी २५ किलोमीटरच्या खाली. थ्रॉटलवर अंगठा नकळत टेकलेला असला तरी ती लागत नाही.

एडीसी असूनही पुढची चाकं अडवत नसतील तर कॉइलचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. साधारण २४ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर वायर तुटली आहे. ती बहुधा गियरकेसजवळच्या कनेक्टरपाशी, चिखल आणि हिरवट गंजाने खाल्लेली सापडते. कॉइल ठीक असेल तर तेल पाहा. गॅरेजमध्ये सवयीने ८०-९० गियर ऑइल भरतात, आणि सेकंडहँड गाडीत हा संशय मी सगळ्यात आधी घेईन. या गियरकेसला कंपनीचं डिमांड ड्राइव्ह फ्लुइडच लागतं. जाड तेलात आतली प्लेट चिकटून राहते, मग रोलर उशिरा लागतात किंवा सुटतच नाहीत. तेल फार तर पाव लिटरच्या आसपास लागतं, नेमकं माप मॅन्युअलमध्ये असतं. एवढ्यात काम होत असेल तर डिफ उघडायचा खर्च कशाला?

पुढचे टायर मागच्यांपेक्षा वेगळ्या उंचीचे टाकले असतील तर रिंग गियरचं ते किंचित हळू फिरण्याचं गणितच बिघडतं. आधीच्या मालकाने टायर बदललेत का, विचारून घ्या. हवा चारही चाकांत लेबलवर लिहिल्याइतकी, बहुतेक गाड्यांना ५ पीएसआयच्या आसपास, ती कमी दाबाच्या गेजने मोजा. पेट्रोल पंपावरच्या गेजवर १ पीएसआयचा फरक कळत नाही.

उतरताना लो गियर माथ्यावरच, गाडी पूर्ण थांबवून टाका. मध्येच बदलायला गेलात तर न्यूट्रलमध्ये सापडाल. डिफ-लॉक किंवा एडीसीही तिथेच लावा. ईबीएस नसलेल्या गाडीत थ्रॉटल हलकेच दाबून बेल्ट धरू द्या, मग सोडा. गाडी सरळ उतरवा, वजन मागे घ्या. लॉक लावलेली गाडी वळणावर हट्टाने सरळ जाते, म्हणून वळणाआधी वेग मोडा. मागची बाजू फिरू लागली तर मागचा ब्रेक सोडा, हँडल घसरणीच्या दिशेला वळवा आणि थ्रॉटल किंचित द्या, म्हणजे मागची चाकं पुन्हा गोल फिरू लागतील. जोरात ब्रेक दाबला की ती आणखी घसरतात.

सुटे भाग मागवण्याआधी गाडीचं मॉडेल, वर्ष आणि ढकलून पाहिल्यावर काय झालं ते खाली लिहा. वन-वे बेअरिंग लागणार असेल तर जुनं काढून त्यावरचा नंबर वाचा. साधी बॉल बेअरिंगं वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडच्या दुकानांत नंबरवर मिळतील, पण वन-वे बेअरिंग आतल्या-बाहेरच्या मापावर जुळवून दुसऱ्या बनावटीचं बसवू नका. मापं जुळली तरी ते कोणत्या दिशेला पकडतं आणि किती टॉर्क झेपतो हे वेगळं असू शकतं.