गोळ्या चालू आणि गुपचूप पेगही

प्रश्न: आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. ह्यांना डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन सहा महिने झाले पण झोपेचं काही जमत नाहीये, आणि रात्री मित्राकडे जाऊन घेतात ते डॉक्टरांना सांगू देत नाहीत, म्हणे गुजरातेत दारूबंदी आहे, उगाच लफडं होईल. काय करू?

उत्तर: ताई, सांगायलाच हवं. दारूबंदी राज्य झालं तेव्हापासून म्हणजे १९६० पासून आहे, पण डॉक्टर म्हणजे काय पोलीस नव्हे, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलेलाय. खरं तर हे डॉक्टरांनीच आधी विचारायला हवं होतं, कारण दारूनेच मन उदास होतं, झोप मोडते, मग वाटतं गोळीच लागू पडत नाहीये आणि डोस वाढवला जातो!

जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे, किती वेळा घेता, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का असलं विचारतात. ४० पैकी ८ किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासायचं, लगेच बेवडा ठरवलं असं नाही. वेळ नसेल तर पहिले ३ प्रश्नही चालतात.

एक मात्र, रोज भरपूर घेत असतील तर रागाच्या भरात एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच. ह्यांची तयारी नसेल तर तुम्ही आधी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर बोला, फुकट आहे, रात्रीही उचलतात.